काकूंनी हात घातला

ही हकिकत मी आयुष्यभर सांगत आलो आहे. लग्नकार्यात, केळवणाच्या पंगतीत, दिवाळीच्या फराळाला जमलेल्या घोळक्यात मी ती रंगवून सांगितली आणि लोक पोट धरून हसले. सांगायचं टाळलं ते एवढंच, की ती खोटी आहे. टाळायला कारणं मिळत गेली. आधी बहिणीच्या संसाराची काळजी होती, मग घरातल्या मोठ्या माणसांचा संकोच, मग ज्यांना सांगायचं ती माणसंच उरली नाहीत. आता माझी ऐंशी उलटली आहे आणि कारणं संपली आहेत.

यंदा थंडी बरी पडली. परवा सकाळी माझी नात ईरा गॅलरीत उभी होती. ती हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला आहे. काही दिवस घरूनच लॅपटॉपवर काम करते आणि मधल्या वेळात कुंड्यांतून कोथिंबीर लावते. त्या सकाळी कोथिंबिरीनं माना टाकल्या होत्या.

"गेली ही बॅच," ती म्हणाली. "काकूंनी हात घातला वाटतं!"

मी चहाचा कप खाली ठेवला. "कोणत्या काकूंनी?"

"म्हणजे?"

"आत्ता म्हणालीस ना. कोण काकू?"

"आबा, असं म्हणतात. काही फिसकटलं की. बाबा म्हणतात, तुम्ही म्हणता. मला वाटायचं मराठीत तसं असतंच."

"मराठीत नसतं. आपल्याच घरात असतं."

"हो? मग कोण होत्या या?"

तेवढ्यात आतून तिच्या मीटिंगची घंटी वाजली आणि ती पळाली. मी सुटलो. पण कोथिंबिरीवरून तिनं हे म्हणावं, याचं हसू यावं की रडू, मला कळेना. काकूनं पेरलं आणि उगवलं नाही, असं मी कधी पाहिलेलं नव्हतं.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, यमुना. हे नाव आज पहिल्यांदा लिहितो आहे. घरात तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. काका तिला "अगं" म्हणत, आई "धाकटे" म्हणे, आणि आम्ही मुलं "काकू", तेही अगं-तुगं करून. तिला मूलबाळ नव्हतं. म्हणून आम्ही तिचे झालो असं लोक म्हणत. मला वाटतं, तसं नसतं तरी झालोच असतो.

आम्ही तेव्हा एरंडवण्यात एका बैठ्या घरात भाड्यानं राहत होतो. पेठांतले नातेवाईक आमच्याकडे येताना "गावाबाहेर जाऊन येतो" म्हणून निघत. रस्त्याच्या पलीकडे शेतं होती. थंडीत सकाळी धुकं इतकं खाली यायचं, की काका सायकल घेऊन फाटकाबाहेर पडले की आधी चाकं दिसेनाशी व्हायची आणि मग काका. घराच्या मागे बंब पेटलेला असायचा, त्याचा धूर आणि ओल्या मातीचा वास मिसळून एक वेगळाच वास तयार व्हायचा. तो मला पुढे कुठेही आला नाही. बंब गेले आणि मातीही गेली.

मागची मोकळी जागा काकूची. मोरीच्या पाण्यावर अळू, त्याच्यापुढे चुका आणि मुळा, मग वांगी, आणि कुंपणाच्या कडेनं बांबूच्या कामट्यांवर चढवलेला घेवड्याचा मांडव. जांभळी फुलं यायला लागली की काकू रोज सकाळी त्या मांडवाखाली एक फेरी मारायची, पाहुण्यांची चौकशी करावी तशी. "काय गं, इकडे का तोंड फिरवलंस?" असं म्हणून ती एखादा वेल वळवून कामटीला बांधायची. दोरी म्हणजे जुन्या साडीच्या काठाची चिंधी. काकूच्या राज्यात काठ वाया जात नसे. पदर गोधडीला, काठ वेलाला आणि उरलेलं अंग पायपुसण्याला.

काकू डावरी होती. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

लहानपणी शाळेत त्या हातावर पट्ट्या खाऊन तिनं लिहायला उजवा हात धरला. जेवणं, वाढणं, हळदीकुंकू, देवाला फूल वाहणं, सगळं उजव्यानं. पण सुई हातात आली, खुरपं हातात आलं, की तिच्या नकळत डावा हात पुढे व्हायचा. लोकांपुढचा हात उजवा आणि कामाचा हात डावा. तिच्या खुरप्याला दुसऱ्याच बाजूनं झीज आली होती, त्यामुळे ते आमच्यापैकी कुणाला चालवता येत नसे. दुपारी शेजारच्या बायका गोधडी घालायला जमल्या की तिला एका टोकाला बसवत, नाहीतर कोपराला कोपर लागे. कडेनं सुरुवात करून आत आत येत टाके घालायचे. तिचे टाके बाकीच्यांच्या उलट दिशेनं फिरायचे. शेजारच्या एक आजी म्हणायच्या, "यमुने, तू देवाला उलटी प्रदक्षिणा घालणारी गं बाई." काकू म्हणायची, "घालते खरी, पण तुमच्या आधी पोचते." आणि पोचायचीच.

माझ्या कॉलेजच्या पँटला तिनं केलेलं रफू कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र ते दिसे. तिचे धागे नेहमी दुसरीकडे कलायचे. माझ्या अंगावर त्या काळात असं काही नव्हतं जे तिच्या डाव्या हातातून गेलं नव्हतं. सदऱ्याची उलटवलेली कॉलर, टाचेला नव्यानं विणलेले मोजे आणि स्वेटर.

आमच्या घरात बाटलीच्या रंगाची हिरवी लोकर होती. होती म्हणजे तीच होती. ती आधी काकांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर होती. कोपरं विरल्यावर काकूनं तो उसवला, लोकरीच्या लड्या केल्या, रिठ्याच्या पाण्यात धुतल्या, वळ्या जाव्यात म्हणून खाली फुंकणी बांधून दोरीवर लटकवल्या आणि माझा स्वेटर विणला. मी वाढलो तेव्हा तोच निमूचा झाला. निमू म्हणजे माझी धाकटी बहीण, निर्मला. पुढे त्याची किटलीवरची टोपी झाली. चहा ओतताना काका म्हणायचे, "माझा स्वेटर जरा उचला." आज माझ्या कपाटात नातवंडांनी आणलेले स्वेटर आहेत. ऊब असते त्यांना. पण यातला कुठला कधी काळी कुणाच्या अंगावर होता, हे मला सांगता येत नाही.

ती थंडी निमूच्या लग्नाची. म्हणजे जमवायची. निमू गोरी नव्हती, बुजरी होती आणि पाहुण्यांसमोर तिच्या हातून कप हमखास हिंदकळायचा. बघून गेलेली माणसं "कळवतो" म्हणून जात आणि कळवत नसत. वडिलांना दम्याचा त्रास होता. "माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे," एवढं एकच वाक्य ते रोज बोलायचे आणि ते ऐकून निमू आणखी मिटायची. अशात नारायण पेठेतलं एक स्थळ आलं. मुलगा सुधीर, शिक्षक. माणसं साधी. मुलाच्या आईला विणकामाची हौस, अशी बातमी मध्यस्थानं आणली.

त्या काळी मुलगी दाखवताना तिच्या हातचं काम मांडून ठेवायची पद्धत होती. भिंतीवर मण्यांचा मोर, टेबलावर क्रोशाचा रुमाल, खुर्चीत भरतकामाची उशी. "हे सगळं आमच्या मुलीनं केलंय," असं आईनं म्हणायचं आणि पाहुण्यांनी "वा" म्हणायचं. त्यातलं निम्मं आत्याचं, मावशीचं नाहीतर शेजारणीचं असतं हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. निमूला उशीचा अभ्रा शिवता येत होता. विणकाम येत नव्हतं. काकूच्या शेजारी बसून तिनं शिकायचा प्रयत्न केला होता, पण दोघींचे हात उलटसुलट, तेव्हा ते दर वेळी हसण्यावारी जायचं.

आई म्हणाली, "धाकटे, तुझा तो अर्धा झालेला स्वेटर तिच्या मांडीवर ठेवू या का? वेणीच्या विणीचा. नुसता मांडीवर असला तरी पुरे."

काकूनं तो लगेच आणून दिला. काकांसाठी चालला होता, राखाडी, छातीवर दोन वेण्या. "ठेव की. निमे, नुसता धरून बस, सुया खाली पडू देऊ नकोस. कोण विणायला सांगतंय?"

पाहुणे आले ती भोगीच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. उन्हं बैठकीत आली होती. मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. मामा पुण्यातले जुने रहिवासी. आल्या आल्या त्यांनी वडिलांना विचारलं, "इथं रात्री कोल्हे येतात का हो?" मग घरात येऊन मण्यांच्या मोराकडे पाहून म्हणाले, "हा मात्र सगळ्यांच्या घरी एकच असतो."

मुलाची आई खरोखर चांगली बाई होती. निमूची मान वर होईना, हे पाहून तिला तिची दया आली. ती खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "अगं, इतकं घाबरायला काय झालं? मलाही विणायचा नाद आहे. बस विणत, हात चालू असला की मन शांत होतं. आम्ही आपल्या गप्पा मारतो."

निमूनं आईकडे पाहिलं. आईनं जमिनीकडे पाहिलं.

काकूनं ओळ अर्ध्यात सोडली होती. तिची ओळ डावीकडून उजवीकडे जायची. उजव्या हातानं विणणाऱ्या बाईला ती अर्धी ओळ कशी उचलावी हे क्षणभर कळणार नाही, तिथं निमूला तर विणताच येत नव्हतं. तिनं सुई खुपसली, लोकर घेतली आणि नुकतेच झालेले टाके परत विणू लागली. मधोमध, वेणीच्या शेजारी, बोट जाईल एवढं भोक पडलं. मुलाच्या आईनं पुढं वाकून पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं.

"अगं, हे सगळं उलटंच आहे. हे तुझ्या हातचं नाही वाटत?"

वडिलांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. निमूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, घरातला बोलका मुलगा. कुठंही अडलं की बोलून सोडवायचं, हे माझं काम. मी हसत म्हणालो, "त्याचं काय झालं, काकूंनी हात घातला! निमूनं सुरेख आणलं होतं विणत. सकाळी आमच्या काकूंना वाटलं, आपणही चार टाके घालावेत. त्यांचा डावा हात. तेव्हापासून ते उलटंच चाललंय."

काकू स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मी "काकूनं" नाही, "काकूंनी" म्हणालो होतो. ज्या बाईला जन्मभर "अगं काकू" म्हटलं, तिला त्या एका वाक्यापुरता मी मान दिला. परक्या माणसाला देतात तसा. दोष द्यायचा तर माणूस थोडं लांब उभं करावं लागतं. ते काम त्या एका अनुस्वारानं केलं.

काकू म्हणाली, "हो हो, माझंच चुकलं. हात शिवशिवतो माझा. पोरीनं इतकं छान केलेलं, आणि मी मेली मध्येच."

मामांनी बशी हातात घेता घेता विचारलं, "पोहे तरी उजव्या हातानं केलेत ना?"

सगळे हसले. मुलाची आईही हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. काकूसुद्धा हसली आणि डावा हात तिनं पदराखाली घेतला. त्या पोह्यांत तिच्या अंगणातली कोथिंबीर होती. मटारही तिचेच. "कोथिंबीर ताजी दिसत्ये," मामा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पोहे मागून घेतले.

संध्याकाळीच होकार आला. पण होकाराबरोबर मुलाच्या आईचा निरोपही आला: तो राखाडी स्वेटर निर्मलेनं पुरा करून जावयाला लग्नात द्यावा, म्हणजे गंमत राहील.

मला काकूचे आभार मानायचे आहेत ते मुख्यतः यासाठी. दुसऱ्या दिवशी भोगी होती. काकूनं बागेतलं मिळेल ते, घेवडा, वांगी, गाजर, ओला हरभरा असं तोडून भाजी टाकली, बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, आणि जेवणं झाल्यावर तो स्वेटर घेऊन मागच्या उन्हात बसली. किनारीपर्यंत सगळा उसवला. काकांच्या छातीवरच्या त्या दोन वेण्या भराभर सुटत गेल्या. मग तिनं निमूला हाक मारली.

"शेजारी नको बसूस. समोर बस. माझ्या समोर."

"समोर कशाला?"

"आरशात बघतेस ना? तसं. मी जे डाव्यानं करीन ते तू उजव्यानं कर. इतकी वर्षं आपण शेजारी बसत होतो, म्हणून जमत नव्हतं. मला मेलीला सुचलंच नाही."

घेवड्याच्या मांडवाखाली दोघी समोरासमोर बसायच्या. मी कामावर जाताना आणि परत आल्यावर पाहायचो. गुडघ्याला गुडघा लागलेला, मध्ये लोकरीचा गुंडा, आणि दोघींच्या सुया आरशातल्यासारख्या एकाच वेळी हलायच्या. वरून घेवड्याची फुलं पडायची. काकूचं तोंड चालूच.

"घट्ट नको घेऊस टाका. नवऱ्याच्या गळ्यात घालायचाय, गळा आवळायचा नाही."

"काकू!"

"सुलट, सुलट, आता उलट. उलट म्हटलं! अगं, माझ्याकडे बघ, उन्हाकडे काय बघतेस? सुधीर काय उन्हात उभा आहे?"

निमू हसायची. बघून जाणाऱ्यांच्या धास्तीनं मिटलेली माझी बहीण त्या थंडीत मांडवाखाली उमलली, असं मी म्हणेन. लिहिताना जरा अवघड वाटतं, पण दुसरा शब्द सुचत नाही. संक्रांत गेली, रथसप्तमी गेली, घेवडा जून झाला, बियांसाठी शेंगा वेलावरच वाळू दिल्या. शिमग्याच्या सुमाराला स्वेटर पुरा झाला. निमूच्या हातचा, एक टाका काकूचा नाही. वैशाखातल्या लग्नात आमच्या जावयानं तो सगळ्यांदेखत घालून दाखवला आणि घामाघूम होऊन हसत उभा राहिला. माझ्या तोंडून गेलेलं खोटं काकूनं समोर बसून, टाक्याटाक्यानं खरं करून दिलं होतं.

निमूनं पुढे सासरी किती विणलं! नणंदांचे बाळंतविडे, दिरांचे बिनबाह्यांचे स्वेटर, गल्लीतल्या पोरांच्या कानटोप्या. सासू-सुना एकमेकींसमोर बसून विणायच्या. पहिल्याच वर्षी निमूनं सासूला सांगून टाकलं, "आई, मला तेव्हा विणता येत नव्हतं." सासू म्हणाली, "मला तरी कुठं येत होतं लग्नाआधी? माझ्या वेळचा रुमाल आत्याबाईंचा होता." विषय संपला. म्हणजे ज्या कारणासाठी मी खोटं बोललो, ते कारण वर्षभरात मिटलं होतं. मला वाटेल तेव्हा खरं सांगता आलं असतं.

पण मला ते वाक्य सोडवेना. ते माझं वाक्य होतं. त्यानं बहिणीचं लग्न जमवलं, अशी माझी ख्याती झाली होती. दूध उतू गेलं, "काकूंनी हात घातला!" सायकल पंक्चर झाली, "काकूंनी हात घातला!" आधी मी म्हणायचो, मग भावंडं म्हणू लागली, मग माझी बायको, मग मुलं. लग्नात कुणीतरी म्हणायचं, "मधू, तो किस्सा सांग ना," आणि मी मामांचा आवाज काढून सांगायचो. काकू बहुतेक वेळा तिथंच कुठंतरी बसलेली असायची, वाती वळत नाहीतर कुणाच्या फाटलेल्या बाहीला टाका घालत. तीही हसायची.

त्या लग्नानंतर काकूनं सुया हातात घेतल्या नाहीत. आमच्या लक्षात यायलाही वेळ लागला. गोधड्या चालू होत्या, रफू चालू होतं, बाग तर होतीच. फक्त विणकाम नाही. कुणी लोकर पुढं केली तर म्हणायची, "नको गं, मी हात घातला की बिघडतं." हे ती इतकं सहज म्हणायची, की लोकांना तो तिचाही विनोदच वाटायचा. मलाही तसाच वाटावा अशी मी सोय करून घेतली.

माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला निमूनं स्वेटर विणून आणला. काकूनं तो उलटा करून आतली बाजू पाहिली, बोटानं टाके चाचपले आणि म्हणाली, "स्वच्छ आहे हो." एवढंच. पण तो तिनं बराच वेळ मांडीवर ठेवला होता.

काका गेले. आईवडील गेले. मालकानं जागा विकली, मांडवाच्या जागी जिना आला, आणि आम्ही कोथरूडला या फ्लॅटमध्ये आलो. काकू आमच्याबरोबर आली. येताना तिनं घेवड्याचं बी चिंधीत बांधून आणलं. गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यात ते लावलं आणि वेल गजांवर चढवला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी "किडे येतात" म्हणून तक्रार केली, तर काकूनं त्यांना वाटीभर शेंगा नेऊन दिल्या. पुढच्या वर्षी त्या बाई वरून दोरी सोडून वेल आपल्या गॅलरीत नेऊ लागल्या. माझ्या मुलांनी जन्मात खाल्लेली पहिली भाजी तिच्या वेलावरची. त्यांच्या अंगावरची पहिली दुपटी तिच्या हातची. माझ्या बायकोच्या आजारपणात घर तिनं ओढलं. मी कचेरीतून दमून यायचो तेव्हा खुंटीला लावलेल्या शर्टाची तुटलेली गुंडी जागेवर आलेली असायची. मी सांगितलेलं नसायचं. सांगायची वेळच तिनं माझ्यावर कधी आणली नाही. या सगळ्याबद्दल मी तिला कधी काही म्हटलं नाही. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती. भाजीला नावं न ठेवता ती संपवली, की झाले आभार.

मी अजून थंडीत एकदा तरी बसनं मंडईत जातो. पिशवी लहान झाली आहे, दातही थोडेच आहेत, तरी पावटा आणि घेवडा पाहायला जातो. यंदा एका गाळ्यावर जांभळट कडेचा घेवडा होता, काकूच्या वेलाचा असायचा तसा. मी शेंग हातात घेऊन नखानं दाबली तर भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, घेवडा आहे, आंबा नाही. घ्यायचा तर घ्या." घेतला. घरी शिरा काढत बसलो आणि काकूची शेवटची थंडी आठवली. ती सांगतो, म्हणजे सगळं सांगून होईल.

त्या वर्षी ती फारशी खाली उतरत नसे. दुपारी गॅलरीत उन्हाला बसायची. घरात वाल भिजवून मोड आणले होते आणि ती डाळिंब्या सोलत होती. भिजलेल्या दाण्याला बोटानं जरा दाबलं की साल सुटून दाणा पातेल्यात पडतो. डोळे अधू झाले होते, पण बोटं चुकत नव्हती. डाव्या हाताची बोटं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी सकाळपासून मनाशी वाक्य जुळवत होतो. काकू, तू काही बिघडवलं नव्हतंस, मी खोटं बोललो, आणि मग बोलतच राहिलो. एवढंच. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो आणि मूठभर वाल उचलले.

"काकू, निमूला बघायला आले होते, आठवतं तुला?"

"न आठवायला काय झालं?" तिचा चेहरा उजळला. "मामा केवढे बोलके होते! आणि तू रे. तू नसतास तर काही खरं नव्हतं."

"तसं नाही काकू, मला म्हणायचंय..."

"नाही, खरंच सांगते." तिचे हात थांबले. "मला अजून त्याची रुखरुख आहे बघ. पोरीनं इतकं सुरेख विणत आणलेलं. वेणीची वीण. काय गरज होती मला त्या दिवशी मध्ये लुडबुडायची? पाहुणे यायचे, आणि मी जाऊन टाके घालत बसले. मोडलं असतं रे लग्न माझ्यापायी."

ती गंमत करत नव्हती. आम्ही इतक्या वेळा सांगितलं, इतकी वर्षं सांगितलं, की तो राखाडी स्वेटर तिच्या मनातूनही निमूचा झाला होता. स्वतः घातलेले टाके तिला आठवत नव्हते. तिला आठवत होतं ते माझं सांगणं.

"दादांचा तो दमा, आणि त्यात मी हे केलेलं," ती म्हणाली. "तुला किती राग आला असेल. तेव्हा तू हसून नेलंस, पण मनातून आला असेल. मी कधी बोलले नाही तुझ्याशी. आज तूच विषय काढलास म्हणून. रागावला होतास का रे?"

नाही म्हणायचं, आणि मग सगळं म्हणायचं. वाक्य तयार होतं. पण तिच्या मनातला तो दिवस उलगडायचा, तर तिला हेही सांगायला हवं होतं, की इतकी वर्षं तू उगीच खंतावलीस, आणि ती खंत मी तुला दिली. ऊन तिच्या मांडीवर आलं होतं. माझ्या उत्तराची वाट पाहत ती माझ्याकडे बघत होती, लहान मूल बघतं तशी.

मी म्हणालो, "जाऊ दे गं काकू. केव्हाच विसरलो मी ते."

तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि पुन्हा वाल सोलायला घेतले. माफी मागायला बसलेला मी तिला माफ करून उठलो.